माहेरची फवारणी आणि पोटातलं बाळ

(पत्र जागेअभावी थोडं लहान केलंय.)

"ताई, नाव छापू नका. मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली, वय 28, लग्न होऊन आता पुण्यात, आयटीत जॉब. चौथा महिना सुरू आहे. बाबांचं सगळं आयुष्य कापसात गेलं. मी पोटात होते तेव्हा आई फवारणीच्या दिवसात ड्रममध्ये पाणी आणून टाकायची आणि औषध काडीने, कधी हातानेच ढवळायची, हे तिनेच सांगितलंय. 2017 च्या हंगामात बाबा फवारताना चक्कर येऊन पडले, दवाखान्यात होते, वाचले. मागच्या महिन्यात एक व्हिडिओ बघितला की विष सात पिढ्यांच्या डीएनएत उतरतं. सासूबाईंनी पण तोच बघितला आणि तेव्हापासून 'तुमच्याकडचं सगळं त्या औषधातलं' हे रोज चाललंय. नवऱ्याने पंधरा हजारांचं एक डिटॉक्स पॅकेज शोधलंय, प्रेग्नन्सीत चालतं म्हणे. हे सगळं आईमार्फत बाबांच्या कानावर गेलं आणि आता ते माझ्या फोनवर येतच नाहीत. सातव्या महिन्यात माहेरी जायचं ठरलंय, तेव्हा ऑगस्ट असेल. बाळाला खरंच काही होईल का? आणि जाऊ की नको?"

अगं, सगळ्यात आधी ते डिटॉक्स. पैसे भरले नसतील तर भरू नका, भरले असतील तर परत मागा, आणि नाहीच मिळाले तर पंधरा हजार गेले म्हणायचं पण ती पावडर तोंडात घालायची नाही. कापसावर मारत आलेत त्यातली बरीचशी औषधं, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, रोगर वगैरे, ही अंगात फार टिकतच नाहीत, लिव्हर ती तोडतं आणि काही दिवसांत लघवीवाटे बाहेर जातात, म्हणजे तुझ्या लहानपणीचं मोनो आज तुझ्या अंगात शोधायला गेलं तरी मिळणार नाही, मग हे लोक पंधरा हजारात काढणार काय? आणि जी खरंच टिकतात, डीडीटीसारखी, चरबीत वर्षानुवर्षं बसून राहणारी, ती काढून टाकेल अशी पावडर अजून कोणाकडे नाहीये. उलट अशा 'शुद्धी'च्या पुड्यांत कधीकधी भस्मं असतात. नाग भस्म म्हणजे शिशाचं भस्म, रसौषधींत पारा असतो, आणि शिसं नि पारा पोटातल्या बाळाच्या मेंदूला काय करतात याबद्दल जगात कुठल्याच डॉक्टरला शंका नाही. अंगात नसलेलं विष काढायला दुसरं विष विकत आणायचं, हा सौदा कशाला?

आता बाळाचं.

व्हिडिओवाला पूर्ण खोटं बोलत असता तर माझं काम सोपं होतं. तो अर्धं खरं बोलतोय. तू मुलगी म्हणून आईच्या पोटात होतीस तेव्हाच, साधारण पाचव्या महिन्यापर्यंत, तुझ्या बीजांडकोशात 60-70 लाख बीजांडं तयार झालेली होती, आणि ज्या एका बीजांडापासून आज हे बाळ झालंय तेही त्यातलंच, नवीन बीजांडं नंतर बनत नाहीत. म्हणजे तुझी आई त्या ड्रमपाशी उभी राहून ढवळत होती तेव्हा तिच्याबरोबर तूही तिथे होतीस आणि तुझ्या बाळाचा अर्धा भागही तिथेच होता. हे वाचून घाबरू नकोस, पुढचं वाच. पण हे तुला दुसरीकडून अर्धवट कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

म्हणूनच गरोदर बाईचा विषाशी संपर्क आला तर शास्त्रज्ञ पहिल्या तीन पिढ्या 'वारसा' म्हणून मोजतच नाहीत, कारण त्या तिघींचा संपर्क थेट झालेला असतो. खरा वारसा मोजायचा तर चौथी पिढी, म्हणजे पणतवंडं बघावी लागतात. आणि माणसांमध्ये चौथ्या पिढीपर्यंतचा असा पक्का पुरावा आजपर्यंत कोणाकडे नाही. सात पिढ्या तर सोडच, सात पिढ्यांमागे ही रसायनं जन्मालाच आली नव्हती.

मग ते सात पिढ्यांचं आलं कुठून? माझा अंदाज उंदरांवरून. 2005 साली अमेरिकेत मायकेल स्किनर यांच्या लॅबने गाभण उंदरिणींना व्हिनक्लोझोलिन नावाचं बुरशीनाशक टोचलं आणि त्यांच्या वंशातल्या नरांमध्ये शुक्रजंतू कमी असण्याचा दोष चौथ्या पिढीपर्यंत दिसला. मोठी बातमी झाली, होणारच होती. पण डोस किती होता ते व्हिडिओत कोणी सांगत नाही. वजनाच्या किलोमागे रोज 100 मिलिग्रॅम. 60 किलोच्या बाईला त्या हिशोबाने रोज 6 ग्रॅम शुद्ध औषध सुईने द्यावं लागेल, तेही गर्भाच्या नेमक्या नाजूक दिवसांत. त्या प्रयोगाने एवढं दाखवलं की असं होऊ शकतं. माझ्या मते तो महत्त्वाचा प्रयोग आहे, पण त्यावरून यवतमाळच्या मुलीच्या पोटातल्या बाळाचं भविष्य सांगणं म्हणजे शुद्ध थापा.

आणि 'डीएनएत उतरतं' म्हणजे तरी काय उतरतं? डीएनए बहुतेक वेळा तसाच राहतो, त्याच्यावर बारीक रासायनिक खुणा लागतात, कुठलं जनुक चालू ठेवायचं, कुठलं बंद. आपण शाळेत अर्ध्या किमतीत जुनी पुस्तकं घ्यायचो ना, आधीच्या मुलाने पेन्सिलीने अधोरेखित केलेली, मजकूर तोच पण कुठे लक्ष द्यायचं ते त्याने ठरवलेलं, तसंच समज. एका पिढीतून दुसरीत जाताना शरीर या खुणा खोडरबरने पुसतं, एकदा बीजांड आणि शुक्रजंतू तयार होताना आणि परत एकदा गर्भ रुजताना. बहुतेक सगळ्या पुसल्या जातात. काही राहतात. कुठल्या राहतात आणि का, यावर अजून भांडणं चालू आहेत.

माणसांवरचे चांगले अभ्यास आहेत, ते सांगते, कारण नुसतं 'काही नाही होत गं' म्हणून पाठीवर हात फिरवलेला तुला आवडणार नाही असं पत्रावरून वाटतंय. कॅलिफोर्नियात ओकलंडला 1959 ते 1967 या काळात हजारो गरोदर बायकांचं रक्त घेऊन जपून ठेवलं होतं, तेव्हा तिकडे डीडीटीचा नुसता पूर होता. पुढे त्यांच्या मुली, मग नाती तपासल्या. ज्या आयांच्या रक्तात डीडीटी जास्त होतं त्यांच्या मुलींमध्ये पन्नाशीपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण जवळजवळ चौपट दिसलं, हे 2015 ला छापून आलं, आणि 2021 ला नातींमध्ये लठ्ठपणा आणि लवकर पाळी येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. हा आजी ते नात असा, माणसांमधला, रक्त मोजून केलेला पुरावा आहे, तो मी नाकारणार नाही. दुसरा अभ्यास तुझ्या आईच्या जास्त जवळचा आहे. कॅलिफोर्नियातच सॅलिनास नावाचं खोरं आहे, स्ट्रॉबेरी आणि भाजीपाला, मजूर बहुतेक मेक्सिकन. तिथे शेतमजूर कुटुंबांमधल्या गरोदर बायकांच्या लघवीत मोनोच्या जातीच्या औषधांचे अंश मोजले आणि मुलं 7 वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धिमत्ता चाचणी घेतली. सगळ्यात जास्त अंश असलेल्या पाचव्या हिश्श्यातल्या आयांची मुलं सगळ्यात कमी अंशवाल्यांपेक्षा सरासरी 7 गुणांनी मागे होती. सरासरी, हं. त्यात कितीतरी मुलं हुशार होतीच. आणि नीट बघ, या अभ्यासातलं 'मूल' म्हणजे तुझ्या घरातली तू आहेस, तुझं बाळ नाही. आणि तू पुण्यात आयटीत नोकरी करतेयस.

उलट बाजूचंही सांगायला हवं. हिरोशिमा-नागासाकीत बॉम्बमधून वाचलेल्यांना नंतर झालेली 70 हजारांहून जास्त मुलं वर्षानुवर्षं तपासली गेली. सगळ्यांना वाटत होतं की राक्षसी काहीतरी निघणार. त्या मुलांमध्ये कॅन्सर किंवा मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पण बॉम्ब पडला तेव्हा जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांच्यात मात्र डोकं लहान राहणं, मतिमंदत्व हे दिसलं, विशेषतः 8 ते 15 आठवड्यांचा गर्भ असेल तर. जपानमध्येच मिनामाताला तेच. 1956 साली तो आजार उजेडात आला, कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांत आणि माशांतून माणसांत. तेव्हा डॉक्टरच म्हणायचे की वार, म्हणजे प्लॅसेंटा, बाळाचं रक्षण करते, विष पलीकडे जाऊ देत नाही. निघालं उलटं, आयांना फारसं काही नाही आणि बाळं जन्मतःच लुळी. जपानी घरांमध्ये बाळाची वाळलेली नाळ छोट्या लाकडी डबीत जपून ठेवायची पद्धत आहे, त्या डब्या संशोधकांनी घरोघर जाऊन मागितल्या आणि नाळेतला पारा मोजला, कुठल्या साली जन्मलेल्या बाळाच्या नाळेत किती. ज्या वर्षांत कारखान्याचं उत्पादन वाढलं होतं त्याच वर्षांतल्या नाळांमध्ये पारा वाढलेला, उत्पादन उतरलं तसा नाळांतलाही उतरला. मला हा आख्खा विषय जर कोणी एका वस्तूत दाखव म्हटलं तर मी ती डबी दाखवेन.

तर या सगळ्यातून तुझ्यासाठी काय निघतं? हेच की आजीने तीस वर्षांपूर्वी काय ढवळलं याच्यापेक्षा आई आत्ता, या नऊ महिन्यांत, कशाच्या संपर्कात आहे हे बाळासाठी कितीतरी पटीने महत्त्वाचं. आणि बाबांच्या 2017 बद्दल तर डोक्यातून काढूनच टाक, तेव्हा तू वीस वर्षांची होतीस, ते दवाखान्यात पडले त्याचा तुझ्या बीजांडांशी काडीचा संबंध नाही.

आणखी एक गोष्ट आहे जी मला या सगळ्या 'सात पिढ्या' प्रकरणात सतत खटकते. पिढ्यान् पिढ्या दिसणारे आजार बघितले की आपण लगेच रक्तात, जनुकात शोधायला जातो, पण पुष्कळदा विष खाली उतरलेलंच नसतं, ते तिथेच असतं आणि पुढची पिढी त्यातच जन्माला येते. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान नावाचं कीटकनाशक मारलं गेलं, सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून 2000 पर्यंत, सरकारी महामंडळाच्याच बागा. तिथल्या गावांतली मुलं आपण फोटोंत बघितलीयत. वीस-बावीस वर्षं तेच ओढे, त्याच विहिरी, तेच पाणी आजीने, आईने आणि मुलीने प्यायलं. सुप्रीम कोर्टाची देशभर बंदी आली 2011 ला. भोपाळमध्ये वायू सुटला 1984 च्या डिसेंबरात, एका रात्री, पण कारखान्याच्या आवारातला विषारी कचरा तसाच पडून राहिला आणि आसपासच्या वस्त्या वर्षानुवर्षं हातपंपाचं तेच पाणी प्यायल्या. त्यातला 337 टन कचरा तिथून हलला तो 2025 च्या जानेवारीत. चाळीस वर्षांनी! अशा ठिकाणी 'वारशाने आलं' म्हटलं की कोणाला काही साफ करावं लागत नाही, सगळं त्या बाईच्या रक्तावर ढकलून मोकळं होता येतं. तुझ्या सासूबाई नकळत तेच करतायत.

म्हणून तुला मी जनुकांची कुठलीही टेस्ट सांगणार नाहीये (फवारणीचा 'वारसा' सांगणारी अशी टेस्ट नाहीच मुळात, कोणी विकत असेल तर त्याला नमस्कार कर). मी विचारेन की तुमच्या माहेरच्या घरात औषधाचे डबे कुठे ठेवतात? तू लिहिलं नाहीयेस, पण मी विदर्भातली पुरेशी घरं बघितलीयत, पडवीत नाहीतर मागच्या खोलीत, तुरीच्या पोत्याशेजारी, पंप तिथेच टेकवलेला, आणि रिकामा झालेला पाच लिटरचा कॅन धुऊन त्यात कधी रॉकेल, कधी पाणी. बाबा फवारून आले की त्याच कपड्यांत ओट्यावर बसतात, ते कपडे आई बाकीच्या धुण्यात टाकते. ऑगस्टमध्ये फवारण्या जोरात असतात, बोंडअळी असली की आणखीच, आणि तू सातव्या महिन्याची तिथे जाणार. तीस वर्षांपूर्वीच्या ड्रमची काळजी करतेस आणि यंदाचा ड्रम तुझ्या खाटेपासून किती हातांवर असणार ते विचारलंच नाहीस.

माझं स्पष्ट मत, बाळंतपणाला यंदा माहेरी जाऊ नकोस, आईला पुण्याला बोलव. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे मला माहितीये, आईला वाईट वाटेल, भावकी विचारेल, पण बोंडं फुटून वेचणी चालू असेपर्यंत त्या घरात औषध असणार. डोहाळजेवणाला दोन दिवस जाऊन ये, साडी नेस, फोटो काढ, शेतात मात्र जायचं नाही आणि त्या आठवड्यात आसपास फवारणी नको एवढं शेजारच्यांनाही सांगून ठेवायचं. आणि काही कारणाने जावंच लागलं, पुण्यात करणारं कोणी नाही, सासूबाईंचं जमत नाही वगैरे, तर मग तू पोचायच्या आधी डबे आणि पंप घराबाहेर कुलपात गेले पाहिजेत, ती खोली पाण्याने पुसून घेतली पाहिजे, बाबांनी गोठ्यातच कपडे बदलून साबणाने आंघोळ करूनच घरात यायचं, ते कपडे वेगळ्या बादलीत, बाळाचे लंगोट त्या बादलीत कधीच नाहीत, आणि ते कपडे धुवायला तू बसायचं नाही. रिकामे कॅन तीनदा विसळून, ते पाणी पंपातच ओतून, मग भोक पाडून टाकायचे म्हणजे कोणी परत पाण्याला वापरणार नाही. यातलं काहीच महाग नाहीये.

बाबांचं आता. ते फोनवर येत नाहीत कारण त्यांना वाटतंय लेकीच्या बाळाला आपण विष दिलं, आणि हे त्यांना कोणी सांगितलं, तर एका व्हिडिओने आणि विहिणीने. त्यांना 'बाबा तुमची काही चूक नाही' असं म्हणायला गेलीस तर ते गप्प होतील, आपल्याकडच्या बाप लोकांना हे झेपत नाही. त्यापेक्षा त्यांना काम सांग. फोन आईला लाव, स्पीकरवर ठेवायला सांग आणि म्हण बाबा, ऑगस्टच्या आधी मागची खोली रिकामी करायचीय, कुलूप लागेल असं लोखंडी कपाट बघा. आणि त्यांची स्वतःची तपासणी, हंगाम सुरू व्हायच्या आधी रक्तातलं कोलिनेस्टरेज (या औषधांनी कमी होणारं एक एन्झाइम) तपासून घ्यायला सांग, मग हंगामात मध्येच परत एकदा, आकडा खाली आला की फवारणी थांबवायची, पडेपर्यंत थांबायचं नाही.

2017 ला काय झालं होतं ते सासरच्यांनाही कधीतरी सांग. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात 20 हून जास्त शेतकरी-मजूर फवारणीच्या विषबाधेने गेले आणि शेकडो दवाखान्यात होते. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, त्या साली डोक्याच्या वर गेलेली, गुलाबी बोंडअळी आलेली, हातात चायनीज पंप, ज्याचा फवारा धुक्यासारखा बारीक असतो आणि थेट तोंडा-नाकात जातो, दुकानदाराने सांगितलं म्हणून दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, आणि सप्टेंबरच्या उन्हात रबरी मोजे, मास्क घालून कोण चालणार? डब्यावरचा लाल त्रिकोण सगळ्यांना ओळखू येतो, पण आतल्या पत्रकात दहा भाषांत मुंगीएवढ्या अक्षरात जे छापलेलं असतं ते वाचून बघ एकदा, चष्मा लावून सुद्धा जमत नाही. यात एकट्या माणसाचा निष्काळजीपणा शोधणं मला तरी जमत नाही.

आणि बाबांना एक विचार, आता ड्रमपाशी पाणी कोण आणतं? तुझी आई थकली असेल तर बहुतेक मजुरीवरची एखादी बाई आणत असणार. ती पोटुशी असेल किंवा अंगावर पाजत असेल तर तिला निंदणाला, दुसऱ्या कुठल्या कामाला लावा, मजुरी तेवढीच द्या, पण औषधाजवळ नको. फवारलेल्या वावरात दुसऱ्याच दिवशी निंदायला बायका घुसवू नका. तुझ्या बाळाची काळजी मला आहेच, पण खरं सांगू, पुढच्या पिढीचा धोका आज जिथे सगळ्यात जास्त आहे ती बाई मला पत्र लिहिणार नाही.

सासूबाईंना काय उत्तर द्यायचं? भांडू नकोस, चहा घेताना सहज विचार की मलेरियाची डीडीटी मारायला माणसं यायची, भिंतीवर तारीख लिहून जायची, ते आठवतं का. शहर असो की गाव, त्यांच्या वयाच्या बहुतेकांना आठवतं. आपल्याकडे शेतीत डीडीटी बंद झालं 1989 ला, त्याच्या आधी अख्खा देश त्यात न्हालेला आहे आणि ते बनत होतं इथेच, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीला. आणि तुझा नवरा पुण्यात रस्त्याकडेच्या घरात वाढला असेल तर 2000 सालापर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये शिसं होतं, ते त्याने आणि त्याच्या आईने रोज हुंगलंय. शिसं हाडात जाऊन बसतं, दशकानुदशकं. तेव्हा 'तुमच्याकडचं' आणि 'आमच्याकडचं' अशी वाटणी करायची तर दोन्ही घरांची पाटी सारखीच भरेल. (नवरा बाल्कनीत सिगरेट ओढतो का? तू लिहिलं नाहीस, पण ओढत असेल तर सगळ्यात पहिलं डिटॉक्स ते, आणि ते फुकट आहे. बापाच्या शुक्रजंतूंवर सिगरेटचा परिणाम होतो हेही त्याला सांग, दुसऱ्या खेपेला उपयोगी पडेल, शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात तेव्हा आधी तीन महिने सोडलेली बरी.)

शिशाचं मी मुद्दाम काढलं. गरोदरपणात बाळाची हाडं घडायला आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं आणि त्याच्यासोबत जुनं शिसंही रक्तात येतं. पोटात पुरेसं कॅल्शियम गेलं तर हाडं कमी झिजतात. म्हणून त्या कॅल्शियमच्या गोळ्या कंटाळा करून टाळू नकोस, दूध-दही-नाचणी जे आवडेल ते खा. घरात सातव्या महिन्याच्या आधी रंगरंगोटी काढायचा बेत असेल तर जुना रंग खरवडणं तू घरात असताना अजिबात नको, जुन्या रंगांत शिसं असतं. याच कारणाने सुटी विकतात ती फारच पिवळीजर्द हळद नको, बाळाला सुरमा नको, काजळ विकतचं नको. डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची एक साधी तपासणी करून घेतलीस तर हरकत नाही, तिला अर्थ तरी आहे.

बाकी तुझ्या डॉक्टरांना आईची फवारणी, बाबांची विषबाधा हे सगळं सांग, लपवू नकोस, पण त्यावरून त्या वेगळं काही फार करणार नाहीत, करण्यासारखं नाहीच. 18 ते 20 आठवड्यांत ॲनॉमली स्कॅन, म्हणजे जन्मजात दोष बघणारी सोनोग्राफी, होईल तो चुकवू नकोस. कुठल्याही शंभर बाळांमागे दोन-तीनांत काही ना काही जन्मजात दोष निघतो, मग आजी ड्रमपाशी उभी राहिलेली असो की बँकेत नोकरीला, त्यामुळे 'काहीच होणार नाही' असं मी लिहून देणार नाही, कोणी देत असेल तर तोही थापाच मारतोय. पण तू जे पत्रात लिहिलंयस तेवढ्यावरून तुझ्या बाळाबद्दल मला इतर कुठल्याही बाळापेक्षा वेगळी काळजी वाटत नाही. आणि पुढे दूध पाजण्यावरून कोणी म्हणेल, की औषध दुधातून जाईल, तर अंगावरच पाज. टिकणारी औषधं थोडी दुधात येतात हे खरं, तरीही जागतिक आरोग्य संघटना अंगावरचंच दूध सांगते. बाळंतपणानंतर झटपट वजन उतरवायच्या मागे मात्र लागू नकोस, चरबी भराभर वितळली की तिच्यात बसलेलं सगळं एकदम रक्तात आणि दुधात येतं.

आणि हो, लोहाची गोळी नि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नकोस, लोह नीट शोषलं जात नाही. एक सकाळी, एक रात्री. चहासोबत तर नकोच. स्कॅन झाला की कळव.